३७ हजार कोटींची रिफायनरी ७९ हजार कोटींवर कशी जाते? मोठ्या पेट्रोकेमिकल प्रकल्पांचं बजेट नेमकं कुठं फुटतं?

राजस्थानात पचपदरा नावाचं गाव आहे. मिठासाठी जुनं नाव असलेलं. सप्टेंबर २०१३ मध्ये इथं रिफायनरी आणि पेट्रोकेमिकल कारखान्याची कोनशिला बसली, तेव्हा खर्चाचा आकडा सांगितला गेला ३७,२३० कोटी रुपये. पुढं सरकार बदललं, अटींवर परत बोलणी झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते कामाचा पुन्हा शुभारंभ झाला. तेव्हा आकडा होता ४३,१२९ कोटी. २०२३ मध्ये तो ७२,९३७ कोटी झाला. त्यानंतर ७९,४५९ कोटी.

कारखान्याची क्षमता मात्र वर्षाला ९० लाख टन कच्चं तेल. तेव्हाही तेवढीच, आताही तेवढीच.

असे आकडे वाचले की आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, "कुणीतरी खाल्ले असणार." सोशल मीडियावर तर चर्चा त्यापुढं जातच नाही. पण एक रुपया न खाताही असा कारखाना दीडपट-दुप्पट महाग होऊ शकतो, आणि जगभर होतो. एडवर्ड मेरो नावाचे अमेरिकन अभ्यासक आयुष्यभर हेच मोजत आलेत. त्यांच्या संस्थेनं तीनशेहून जास्त अवाढव्य औद्योगिक प्रकल्पांची माहिती गोळा केली. २०११ च्या पुस्तकात त्यांनी निष्कर्ष मांडला की यातले ६५ टक्के प्रकल्प खर्च, वेळ किंवा उत्पादन यात कुठं ना कुठं फसले. आणि हे प्रकल्प गल्लीतल्या ठेकेदारांचे नव्हते, जगातल्या बड्या बड्या कंपन्यांचे होते.

आता तुम्ही म्हणाल, कंपनीचे पैसे, कंपनी बघून घेईल, आपल्याला काय?

तर पचपदराच्या प्रकल्पात ७४ टक्के वाटा एचपीसीएलचा, म्हणजे सरकारी कंपनीचा, आणि २६ टक्के थेट राजस्थान सरकारचा. एकूण खर्चाचा दोन तृतीयांश भाग कर्जातून आणि एक तृतीयांश भागभांडवलातून, असं गणित. त्या हिशोबानं ४३,१२९ कोटींच्या वेळी राजस्थानच्या तिजोरीतून साधारण ३,७४० कोटी जाणार होते. ७२,९३७ कोटींवर हाच वाटा ६,३२० कोटींच्या आसपास जातो. अडीच हजार कोटींचा फरक, आणि तो एका राज्याच्या बजेटमधून. तेवढ्यात किती शाळा-दवाखाने झाले असते याचा हिशोब ज्याचा त्यानं करावा.

मग हे पैसे जातात कुठं?

आधी हा कारखाना असतो काय ते बघू. पेट्रोकेमिकल कारखान्याचं काळीज म्हणजे क्रॅकर. नाफ्था किंवा गॅस भट्टीतल्या नळ्यांमधून साधारण ८५० अंशांपर्यंत तापवायचा, त्याचे रेणू तोडायचे, मग तोच वायू झटक्यात थंड करायचा, कंप्रेसरनं दाबायचा आणि उणे १०० अंशांच्याही खाली नेऊन त्यातलं इथिलीन, प्रॉपिलीन वेगळं काढायचं. पुढच्या युनिटमध्ये त्याचे प्लास्टिकचे दाणे होतात. तुमची बादली, दुधाची पिशवी, पाण्याचा पाईप इथूनच येतो. एका टोकाला लालबुंद भट्टी आणि दुसऱ्या टोकाला हाडं गोठवणारी थंडी, म्हणजे प्रत्येक ठिकाणचं पोलाद वेगळं, प्रत्येक यंत्र ऑर्डर देऊन बनवलेलं. दुकानात जाऊन उचलून आणण्यासारखं काही नाही.

आणि हे कारखाने मोठेच बांधावे लागतात, त्याला एक कारण आहे. या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे. क्षमता दुप्पट केली तर खर्च दुप्पट होत नाही, साधारण दीडपटच होतो. टाकीत दुप्पट माल बसवायला दुप्पट पत्रा लागत नाही, तसंच. त्यामुळं प्रत्येक कंपनीला शक्य तेवढा मोठा कारखाना हवा असतो, टनामागं स्वस्त पडतो म्हणून. पण मग चूकही त्याच मापाची होते.

आता येतो खरा मुद्दा. पहिला आकडा येतो कुठून?

घर बांधणाऱ्याला विचारा. प्लॉट बघायच्या आधीच मिस्त्री सांगतो, "अमुक रुपये स्क्वेअर फूट धरून चला." हा आकडा खोटा नसतो, पण खराही नसतो. नकाशा झाला, खड्डे घेतले, खाली मुरूम लागला की काळी माती ते कळलं, की दुसरा आकडा येतो. स्लॅब पडल्यावर तिसरा.

कारखान्याचंही हेच आहे, फक्त तिथं याला रीतसर पायऱ्या आहेत. खर्चाचा अंदाज बांधणाऱ्या इंजिनिअरांची एएसीई नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिनं अंदाजांचे पाच वर्ग पाडलेत. पाचव्या वर्गाचा अंदाज म्हणजे अगदी सुरुवातीचा. डिझाईनचं काम शून्य ते दोन टक्के झालेलं असतं, आणि खरा खर्च या आकड्याच्या ३० ते १०० टक्के वर जाऊ शकतो असं ही संघटनाच सांगते. म्हणजे पाचव्या वर्गाचे १० हजार कोटी म्हणजे उद्याचे २० हजार कोटीही असू शकतात, आणि त्यात कुणाची चूक धरता येत नाही.

तिसऱ्या वर्गापर्यंत डिझाईन १० ते ४० टक्के झालेलं असतं. कुठली युनिट, किती मोठी, कुठं बसणार, कुठला पाईप कुठून जाणार, हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. इथं वर जाण्याची शक्यता १० ते ३० टक्क्यांवर येते. शहाण्या कंपन्या पैसे ओतायचा शेवटचा निर्णय या टप्प्यावर घेतात, त्याआधी नाही.

गडबड अशी होते की बातमीत येतो तो पाचव्या वर्गाचा आकडा. कोनशिलेच्या भाषणातही तोच. लोकांच्या डोक्यात तोच बसतो, आणि कंपनीच्या संचालक मंडळाच्याही. मग पुढं डिझाईन झाल्यावर खरा आकडा समोर आला की त्याला "खर्च वाढला" म्हणतात. बऱ्याच वेळा खर्च वाढलेला नसतो, आधी तो माहीतच नसतो.

पचपदराच्या वाढीसाठी कोरोना, पोलादाचे आणि यंत्रांचे भाव, डॉलर अशी कारणं सांगितली गेली. ती खोटी आहेत असं नाही. २०२० नंतर पोलाद महागलं हे सगळ्यांनी बघितलंय. पण २०१३ मध्ये जाहीर झालेला आणि २०१८ मध्ये काम सुरू झालेला प्रकल्प कोरोनाच्या तडाख्यात सापडला, कारण तो तोपर्यंत संपला नव्हता. दुसऱ्या शुभारंभाच्या वेळीही तो २०२२ मध्ये पूर्ण होईल असं सांगितलं होतं. उशीर झालेल्या माणसालाच पाऊस गाठतो.

आधीचं हे डिझाईनचं काम फुकट होत नाही. एकूण खर्चाच्या साधारण दोन ते पाच टक्के त्यात जातात. २० हजार कोटींच्या प्रकल्पात चारशे ते हजार कोटी, आणि तेही नुसत्या कागदांवर! साईटवर एक वीट नाही, मंत्र्यांना दाखवायला काही नाही. त्यामुळं कात्री लावायची वेळ आली की ती पहिली इथं लागते. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात महागडी काटकसर हीच.

का ते एका पंपावरून समजून घ्या. समजा ड्रॉइंगवर असताना कुणाच्या लक्षात आलं की हा पंप दहा मीटर पलीकडं हवा. इंजिनिअर माऊसनं ओढून तिकडं ठेवतो, दोन तासांचं काम. तेच पाया ओतून झाल्यावर लक्षात आलं तर काँक्रीट फोडा, नवा पाया घाला, पाईप परत कापा, त्याचे आधार हलवा, केबल लांब करा, आणि ज्या टोळीचं पुढचं काम या पंपामुळं अडलं तिला बसून पगार द्या. वर ठेकेदार याचं एक्स्ट्रा आयटमचं बिल लावणार ते वेगळंच. अशा कारखान्यात पंप शेकडो असतात. म्हणून या धंद्यातले जुने लोक एकच गोष्ट सांगतात, एका तारखेला डिझाईन गोठवा. त्यानंतर "हे पण घालूया" म्हणणारा कितीही मोठा साहेब असो, त्याच्याकडून लेखी घ्या की याला किती पैसे आणि किती दिवस जास्त लागणार.

अजून एक खड्डा असतो, तो बाहेरच्यांना दिसत नाही. क्रॅकरचा अंदाज सगळे नीट काढतात, कारण ते तंत्रज्ञान विकणाऱ्या मोजक्या कंपन्या आहेत आणि त्यांनी असे कारखाने आधी बांधलेले असतात. विसरतं ते आजूबाजूचं. टाक्या, वाफेचे बॉयलर, वीज, पाणी, सांडपाणी, फ्लेअरचा उंच दांडा, रेल्वेचं सायडिंग, धक्का, तिथवर जाणारा रस्ता. एकूण खर्चातला मोठा हिस्सा यात असतो, आणि हा भाग प्रत्येक जागेला वेगळा असल्यामुळं दुसऱ्याचा आकडा उचलून चालत नाही. पचपदराचंच बघा. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. ९० लाख टनांपैकी १५ लाख टन तेल राजस्थानातलं, बाकीचं ७५ लाख टन बाहेरून मुंद्रा बंदरात येऊन पाईपलाईननं वाळवंटात जाणार.

आता अमेरिकेतली एक गोष्ट. कागदावरचा आकडा आणि जमिनीवरचं सत्य यांच्यात अंतर पडलं की काय होतं, याचं एवढं उघड उदाहरण दुसरं सापडणं अवघड.

सॅसोल ही दक्षिण आफ्रिकेची कंपनी. कोळशापासून पेट्रोल बनवण्यासाठी जगभर प्रसिद्ध. अमेरिकेत शेल गॅस निघाला, त्यातला इथेन कवडीमोल झाला आणि सॅसोलनं ठरवलं की लुईझियाना राज्यातल्या लेक चार्ल्सला क्रॅकर बांधायचा. वर्षाला १५ लाख टन इथिलीन, आणि त्याच्यापासून पुढचा माल बनवणारी सहा युनिट. ऑक्टोबर २०१४ मध्ये अंतिम निर्णय झाला. खर्च ८.१ अब्ज डॉलर, सोयीसुविधा धरून ८.९ अब्ज.

२०१६ मध्ये कंपनीनं सांगितलं, ११ अब्ज लागतील. कारणांमध्ये एक होतं जमीन. खालची माती अंदाजापेक्षा वाईट निघाली होती. दुसरं होतं पाऊस. लुईझियानात पाऊस पडतो ही काही नवी बातमी नव्हती, पण असो. शेअरबाजारानं ते पचवलं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आकडा ११.६ ते ११.८ अब्जांवर गेला. तोवर काम बरंचसं झालेलं होतं, त्यामुळं सगळ्यांना वाटलं, आता आणखी किती वाढणार? तीनच महिन्यांत, मे महिन्यात, कंपनीनं नवा आकडा दिला, १२.६ ते १२.९ अब्ज. शेअर धाडकन पडला. काम संपत आलेलं असताना तीन महिन्यांत अब्जभर डॉलर कुठून उगवतात?

तर ते उगवले नव्हते. ते आधीपासून तिथं होते, फक्त अहवालात नव्हते. काही ठिकाणी तीच रक्कम दोनदा धरली होती, तर ठेकेदारांना दिलेली काही वाढीव कामं हिशोबात आलीच नव्हती. संचालक मंडळानं स्वतंत्र चौकशी लावली. वार्षिक निकाल लांबणीवर पडले. ऑक्टोबर २०१९ मध्ये निष्कर्ष बाहेर आले. प्रकल्पाचं व्यवस्थापन करणाऱ्या टीमकडं पुरेसा अनुभव नव्हता, आणि खरी माहिती देण्यापेक्षा आधी सांगितलेला खर्च आणि तारीख टिकवून दाखवण्यावर तिचा भर होता. बोंगानी न्क्वाबाबा आणि स्टीफन कॉर्नेल हे दोन्ही संयुक्त सीईओ कंपनीतून बाहेर पडले.

इथं थोडं थांबून बघा. वरच्याला वाईट बातमी आवडत नाही हे खालच्याला कळलं की तो आकडे दाबत नाही, तो आकड्यांना "आशावादी" करतो. पुढच्या महिन्यात वेग वाढेल, ठेकेदाराकडून अमुक रक्कम कापून घेऊ, विमा एवढा मिळेल. प्रत्येक ओळ थोडी गोड केलेली. त्यातली एकही ओळ खोटी म्हणून पकडता येत नाही, आणि बेरीज अब्जाची होते. सरकारी ऑफिसात महिन्याचा प्रगती अहवाल भरलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

सॅसोलची गोष्ट तिथंच संपली नाही. कर्ज डोक्यावर, कारखाना पुरता सुरू नाही, आणि २०२० मध्ये कोरोना आला, तेलाचे भाव कोसळले. त्याच वर्षी सॅसोलनं लेक चार्ल्सच्या मूळ रसायनांच्या धंद्यातला अर्धा वाटा लायोंडेलबॅसेल या कंपनीला २ अब्ज डॉलरना विकला. ज्या कारखान्यावर कंपनीनं भविष्य लावलं होतं, त्याचा मोठा तुकडा कर्ज फेडण्यात गेला.

मग खर्चावर खरी नजर कशी ठेवायची?

पहिला नियम, बिलं बघून खर्च कळत नाही. बिल येतं तेव्हा पैसे केव्हाच खर्च झालेले असतात. बघायचं ते काम. किती घनमीटर काँक्रीट पडलं, किती टन पोलाद उभं राहिलं, किती वेल्डिंग झालं. पाईपच्या वेल्डिंगला साईटवर "इंच-डाया" हे माप चालतं. सहा इंची पाईपचा एक जोड म्हणजे सहा इंच-डाया. एक वेल्डर दिवसाला सरासरी किती इंच-डाया करतो, हे ज्या मॅनेजरला तोंडपाठ आहे त्याला प्रकल्प कधी संपणार हे हेडऑफिसच्या सहा महिने आधी कळतं. निम्मे पैसे संपलेत आणि काम पस्तीस टक्केच झालंय, तर उरलेल्या कामाला उरलेले पैसे पुरणार नाहीत. याला काही मोठं शास्त्र लागत नाही, फक्त तो पस्तीसचा आकडा कुणीतरी पस्तीसच लिहावा लागतो.

वेल्डर का थांबतो, हाही प्रश्न आहे. बहुतेक वेळा तो आळशी नसतो. त्याच्याकडं ड्रॉइंग आलेलं नसतं, किंवा ड्रॉइंग आहे पण व्हॉल्व्ह आलेला नाही. डिझाईन अर्धवट असताना साईट सुरू केली की हे होणारच. कामाला सुरुवात झाल्याचे फोटो लवकर येतात, काम मात्र उशिरा संपतं. मोठे कंप्रेसर, क्रॅकरचा थंड भाग, अशा गोष्टी बनून यायला दीड-दोन वर्षं लागतात. त्यांची ऑर्डर सगळ्यात आधी गेली पाहिजे, पण डिझाईन पक्कं नसेल तर ऑर्डर तरी कशाची देणार? सगळं फिरून परत त्याच कागदांवर येतं.

दुसरी भानगड टेंडरची. आपल्याकडं एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला काम. पंप, केबल, पत्रा अशा ठरावीक मालाला ही पद्धत ठीक आहे. पण डिझाईन कच्चं असताना ठोक रकमेचं कंत्राट काढलं तर चलाख ठेकेदार कमी बोली लावून आत येतो. टेंडरमध्ये काय काय राहिलंय हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं दिसत असतं. पुढं प्रत्येक राहिलेल्या गोष्टीचं एक्स्ट्रा बिल, मग वाद, मग लवाद. उलट झालेल्या खर्चावर टक्केवारी देणारं कंत्राट केलं तर ठेकेदाराला घाई उरत नाही. ठोक रकमेचं कंत्राट वाईट नाही, पण ते करण्याचा हक्क डिझाईन पक्कं केलेल्यालाच आहे.

आणि शेवटी व्याज. हे सगळ्यात शांतपणे पोखरतं. समजा प्रकल्पावर ३० हजार कोटींचं कर्ज उचललंय, व्याज ९ टक्के. वर्षाला २,७०० कोटी, म्हणजे दिवसाला सात कोटींच्या वर. कारखान्यातून एक दाणा बाहेर पडत नाही तोवर हे व्याजही प्रकल्पाच्या खर्चात जमा होत राहतं. म्हणजे उशीर हाच खर्च.

गुजरातमधल्या दहेजच्या 'ओपॅल'ला हे चांगलंच माहितीये. ओएनजीसीनं २००६ मध्ये ही कंपनी उभी केली. ११ लाख टन इथिलीनचा क्रॅकर. सुरुवातीचा खर्च १२,४४० कोटी, नंतर २१,३९६ कोटी, आणि अखेर २७ हजार कोटींच्या पुढं. मार्च २०१७ मध्ये कारखाना देशाला अर्पण झाला, पण कर्जाचा डोंगर घेऊनच. कच्च्या मालाचा भाव, बाजारातली मंदी अशी इतर कारणंही होती, पण व्याज भरता भरता कंपनी तोट्यातून वर आली नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं ओएनजीसीला तिच्यात एकूण १८,३६५ कोटी घालायला परवानगी दिली. सुरुवातीला अख्खा कारखाना ज्या रकमेत होणार होता, त्याच्या जवळपास दीडपट रक्कम नुसती तो तगवायला! ओएनजीसीचा वाटा ४९ टक्क्यांवरून ९५ टक्क्यांच्या पुढं गेला. म्हणजे भागीदार जवळजवळ नावापुरते, ओझं एकाच्या अंगावर.

मग जमतं कुणाला?

जामनगर बघा. रिलायन्सची पहिली रिफायनरी १९९९ मध्ये सुरू झाली. दुसरी तिच्या शेजारीच, डिसेंबर २००८ मध्ये, साधारण तीन वर्षांच्या बांधकामानंतर. खर्च सुमारे २७ हजार कोटी. यात अंबानींच्या नावाची जादू शोधण्यात अर्थ नाही. जागा ओळखीची होती, खाली माती कशी आहे ते माहीत होतं, बंदराची सोय आधीची होती, आणि पहिल्या वेळी काम केलेली बेक्टेल हीच कंपनी दुसऱ्या वेळीही होती. पहिल्यांदा जे शिकायला पैसे मोजले होते, ते दुसऱ्यांदा मोजावे लागले नाहीत. सरकारी कंपन्यांना हे करता येत नाही असं नाही, पण प्रत्येक राज्याला आपापला प्रकल्प हवा असतो, प्रत्येक वेळी नवी जागा, नवी माती, नवी टीम. राजकारण म्हणून ते समजण्यासारखं आहे. त्याची किंमत मात्र कोनशिलेवर लिहिलेली नसते.

हे सगळं आपल्याकडं कुठं लागू पडतं, तर कोकणात.

रत्नागिरीच्या रिफायनरी आणि पेट्रोकेमिकल प्रकल्पाचा आकडा २०१८ मध्ये, सौदी अरामको आणि अबुधाबीच्या ॲडनॉकशी करार झाले तेव्हा, सगळीकडं छापून आला होता. वर्षाला ६ कोटी टन क्षमता, ३ लाख कोटी रुपये. तेव्हा जागा नाणार होती. मार्च २०१९ मध्ये नाणारच्या भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. मग राजापूर तालुक्यातलंच बारसू-सोलगाव पुढं आलं. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर पोलीस बंदोबस्तात माती परीक्षणाची यंत्रं पोचली आणि गावकरी, विशेषतः बायका, भर उन्हात त्यांच्यासमोर आडव्या झाल्या. जमीन, आंबा, मासेमारी, कातळशिल्पं हे त्यांचे प्रश्न आहेत आणि ते खर्चाच्या प्रश्नापेक्षा मोठे आहेत.

पण खर्चापुरतं बोलायचं तर तारखांचा क्रम बघा. ३ लाख कोटी हा आकडा २०१८ चा. बारसूच्या जमिनीला भोक पाडायचा तो प्रयत्न २०२३ चा. खाली जांभा किती खोल, पाणी कुठं, धक्का कुठं बांधायचा, वीज कुठून आणायची, यातलं त्या जागेबद्दल काहीही हातात नसताना निघालेला तो आकडा आहे. वर सांगितलेल्या पाच वर्गांपैकी तो कितव्या वर्गाचा असेल, हे आता तुम्हीच ओळखा. उद्या नवी जागा आणि नवा आकडा जाहीर झाला, तर विचारायचा पहिला प्रश्न हाच: डिझाईन किती टक्के झालंय?